खाणीचे छत ‘बोलते’ तेव्हा...

मध्य रेल्वेच्या शेगाव, नांदुरा किंवा मलकापूर स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला कोळशाने भरलेली मालगाडी नवी नाही. अकोल्याच्या दिशेने आलेली ही लांबलचक गाडी भुसावळ वा नाशिकच्या औष्णिक वीज केंद्राकडे निघून जाते आणि फलाटावर काळ्या धुळीचा पातळ थर तेवढा मागे उरतो. बुलडाणा जिल्ह्यात स्वतःचा कोळसा नाही. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. लोणारचे जगप्रसिद्ध विवर याच खडकात आहे. दगडी कोळशाचे थर आहेत ते त्याहून कितीतरी जुन्या गोंडवाना खडकांत, पूर्वेकडे नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या परिसरात. तेथील ‘वेस्टर्न कोलफिल्ड्स’च्या, अर्थात वेकोलिच्या, खाणींतून निघालेला कोळसा बुलडाण्याच्या शिवारातून पुढे जातो. तो काढणाऱ्या माणसांच्या डोक्यावर काय होते, हा प्रश्न फलाटावर सहसा कुणाला पडत नाही.

आज देशातील ९५ टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून निघतो. २०२३-२४ या वर्षात देशाचे कोळसा उत्पादन सुमारे ९९७ दशलक्ष टन झाले. त्यात भूमिगत खाणींचा वाटा ३५ दशलक्ष टनांच्या आसपास होता. तेव्हा भूमिगत खाणी हा इतिहासजमा होऊ घातलेला विषय आहे, असे कुणास वाटेल. प्रत्यक्षात चित्र उलट आहे. वरवरचा कोळसा संपत चालला आहे आणि खुल्या खाणीसाठी लागणारी जमीन, जंगल व गावे मिळवणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. म्हणूनच २०३० पर्यंत भूमिगत उत्पादन १०० दशलक्ष टनांवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठरवले आहे. म्हणजे जवळपास तिप्पट कोळसा जमिनीखालून काढायचा आहे. त्यासाठी कितीही मोठी यंत्रे आणली, तरी ती चालवायला माणसे खाली उतरणारच.

अशा खाणीत माणूस मरतो तो मुख्यतः तीन-चार कारणांनी: छत कोसळून, पाणी शिरून, वायूचा वा कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन, किंवा आगीच्या विषारी धुराने गुदमरून. ही कारणे शंभर वर्षांपूर्वीही हीच होती. त्यांवर झालेल्या संशोधनाचा पसारा मोठा आहे. पण त्यातील बराचसा भाग एकाच गोष्टीच्या मागे आहे, असे दिसते. संकट कोसळण्यापूर्वी त्याची चाहूल लागावी, आणि ती माणसाच्या कानाला व अंदाजाला लागण्याआधी यंत्राला लागावी.

काठी, बल्ली आणि बोल्ट

भूमिगत खाणीतून कोळसा काढण्याची आपल्याकडील रूढ पद्धत ‘बोर्ड अँड पिलर’ ही होय. कोळशाच्या थरात उभ्या-आडव्या गॅलऱ्या खोदत जायचे आणि मध्ये चौकोनी खांब शिल्लक ठेवायचे. नकाशावर पाहिले तर ही खाण एखाद्या आखीव शहरासारखी दिसते. छत तोलून धरतात ते हे कोळशाचेच खांब. पुढच्या टप्प्यात खाणीच्या टोकाकडून मागे येत हे खांबही काढून घेतले जातात, आणि मागे राहिलेली पोकळी, जिला खाणीत ‘गोफ’ म्हणतात, कोसळू दिली जाते. माणसे उभी आहेत त्या जागचे छत टिकले पाहिजे आणि काही मीटर पलीकडचे वेळेवर पडले पाहिजे, असा हा विलक्षण व्यवहार आहे. पलीकडचे छत पडायचे तेव्हा न पडता लटकून राहिले, तर पुढे कधीतरी मोठा भाग एकदम खाली येतो आणि दबलेल्या हवेचा लोट गॅलऱ्यांमधून माणसे फेकून देण्याइतक्या जोराने सुटतो.

पाळी सुरू होण्यापूर्वी छत तपासण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, तो मायनिंग सरदार हातातील काठीने छत ठोकत जातो. घट्ट खडकाचा आवाज टणक येतो. थर सुटलेला असेल तर पोकळ, ढबढब असा येतो. सुटलेला दगड पहारीने पाडून टाकला जातो. ही पद्धत फार जुनी आहे आणि आजही मोडीत निघालेली नाही. तिच्या जोडीला होत्या लाकडी बल्ल्या. छताखाली टेकू म्हणून दिलेल्या बल्लीवर भार वाढू लागला की ती करकरते, तिचे तंतू फुटतात, टोके चेपली जातात. तो आवाज ऐकून माणसे हातातले काम टाकून मागे सरत. छताच्या या ‘बोलण्यावर’ कामगारांच्या कित्येक पिढ्यांचे प्राण विसंबून होते.

पण बल्ली छताला थोपवते ते छत सुटल्यानंतर. शिवाय ती गॅलरीत अडचण करते, दमट हवेत कुजते आणि एखाद्या टबाच्या धक्क्यानेही निखळते. भारतातील भूमिगत कोळसा खाणींत अनेक दशके सर्वाधिक बळी घेतले ते छत कोसळण्याच्या घटनांनी. मोठ्या दुर्घटनांची वृत्तपत्रांत चर्चा होते, चौकशी आयोग बसतात. छताचा दगड मात्र बहुधा एका वेळी एक-दोन माणसेच मारतो आणि ती बातमी आतल्या पानात जाते.

ऐंशीच्या दशकात धनबाद येथील केंद्रीय खाण संशोधन संस्था आणि इंडियन स्कूल ऑफ माइन्स यांनी या प्रश्नाला आकड्यांची शिस्त लावली. छताच्या खडकाला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत त्यांनी तयार केली. तिला ‘रॉक मास रेटिंग’ किंवा आरएमआर म्हणतात. यात खडकाच्या थरांच्या जाडीला ३० गुण, भेगा व भ्रंश यांसारख्या रचनेला २५, हवा-पाण्याने झिजण्याच्या प्रवृत्तीला २०, खडकाच्या ताकदीला १५ आणि झिरपणाऱ्या पाण्याला १० गुण ठेवले आहेत. सामान्य माणसाला वाटेल की खडकाच्या ताकदीला सर्वाधिक महत्त्व असावे. ती येथे चौथ्या क्रमांकावर आहे, आणि त्याला कारण आहे. छत सहसा फुटून पडत नाही, ते थरांतून सुटते. पातळ थरांचे छत वहीच्या पानांसारखे असते. एकेक पान कितीही चिवट असले तरी गठ्ठा वाकतोच. झिजण्याच्या गुणाचेही तसेच. काही शेल खडक कोरडे असताना भक्कम दिसतात, पण पावसाळ्याची दमट हवा खाणीत शिरली की फुगून त्यांचे पापुद्रे सुटू लागतात. प्रयोगशाळेत अशा खडकाचे तुकडे जाळीच्या पिंपात पाण्यासह फिरवून किती शिल्लक उरतात ते मोजले जाते.

या गुणांचा उपयोग पुढे असा होतो. गॅलरीची रुंदी, खडकाची घनता आणि आरएमआर यांच्या सूत्रातून छताचा किती भार आधारावर येणार, हे काढता येते. समजा, गॅलरी ४.२ मीटर रुंद आहे आणि छताचे गुण ६० आहेत. तर दर चौरस मीटरला जेमतेम दोन टनांचा भार येतो. गुण ४० वर आले की तोच भार सुमारे पाच टनांवर जातो. मग दर १.२ मीटरवर एक याप्रमाणे बोल्ट मारले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सात टनांहून थोडा अधिक भार येणार, हे आधीच कळते, आणि बोल्ट त्याहून पुरेसा बळकट निवडता येतो. ‘येथे दोन बल्ल्या जास्त लावा’ असे अनुभवाने सांगण्याच्या जागी हिशेब आला, हा मोठाच फरक होय.

खाण सुरक्षा महासंचालनालयाने नेमलेल्या, पॉल समिती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञ गटाने १९९० साली याच पायावर आधाराचे आराखडे करण्याची आणि लाकडाऐवजी छताच्या बोल्टवर भर देण्याची दिशा दिली. बोल्ट म्हणजे छतात भोक पाडून आत बसवलेली दीड ते अडीच मीटर लांबीची पोलादी सळई. ती सिमेंटने किंवा राळेच्या कॅप्सूलने खडकाशी एकजीव केली जाते. सिमेंटला घट्ट व्हायला काही तास लागतात. राळ एक-दोन मिनिटांत पकड घेते. नुकत्याच उघड्या पडलेल्या छताखाली हा फरक जीवन-मरणाचा ठरू शकतो. सुटू पाहणारे थर बोल्टने एकत्र शिवले की त्यांची एक जाड तुळई बनते आणि छत स्वतःलाच पेलू लागते. त्यात जंगलतोड वाचली, गॅलऱ्या मोकळ्या झाल्या, यंत्रांना वाट मिळाली.

मात्र बोल्ट करकरत नाही. लाकडाच्या जागी पोलाद आले आणि पिढ्यानपिढ्या ऐकू येणारी सूचनाच बंद झाली. छत आतल्या आत सरकत असले, तरी खालून सारे आलबेल दिसते. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘टेल-टेल’ नावाचे एक साधे साधन वापरात आले. छतात बोल्टच्या दुपटीहून खोल भोक पाडायचे. एक तार वरच्या स्थिर खडकात आणि दुसरी बोल्टच्या टोकाच्या पातळीवर अडकवायची. दोन्ही तारांना रंगीत पट्ट्यांचे दर्शक बांधून ते भोकाच्या तोंडाशी लोंबत ठेवायचे. थर खाली सरकू लागले की पट्टे भोकात झाकले जातात, हिरवा आधी, मग पिवळा, मग लाल. दोन तारा कशाला, तर हालचाल बोल्टने शिवलेल्या भागात आहे की त्याच्याही वर, हे कळावे म्हणून. वर असेल तर धोका अधिक गंभीर. कारण मग बोल्टसकट अख्खी तुळईच खाली येण्याची शक्यता असते. ठरावीक मर्यादेपलीकडे हालचाल होताच आपोआप दिवा लुकलुकवणारी टेल-टेल पुढे आली. खांबांवरील दाब आणि छत व तळ यांच्यातील अंतर सतत मोजून दूरच्या संगणकाला कळवणारी उपकरणेही आता वापरली जातात. गोफच्या अगदी काठावर आधार उभे करणे हे खाणीतील सर्वांत जोखमीचे काम; तेथे माणूस जाऊ नये म्हणून स्वतः पुढे सरकणारे आधार धनबादच्याच संस्थेने विकसित केले. ही संस्था २००७ मध्ये केंद्रीय इंधन संशोधन संस्थेशी एकत्र होऊन केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था झाली. तिचे एक केंद्र नागपुरातही आहे.

भंडारा, नागपूर आणि बालाघाट जिल्ह्यांतील ‘मॉइल’च्या मँगनीज खाणींत मिथेनचा प्रश्न नाही, पण छताचा आहेच. तेथे खनिज काढल्यावर मोकळी झालेली जागा पाण्याबरोबर वाहून आणलेल्या वाळूने भरून काढतात आणि त्या भरावावर उभे राहून पुढचे काम करतात.

जुन्या नकाशांतले पाणी

डिसेंबर १९५४. परासियाजवळच्या न्यूटन चिखली कोळसा खाणीत पाणी शिरले आणि ६३ कामगार बुडून मेले. परासिया आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे आणि बुलडाण्याच्या वाचकाला दूरचे वाटेल. पण त्या दिवशी बुलडाणा आणि परासिया एकाच राज्यात होते. तेव्हाच्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. नागपूरच्या खाण उद्योगाच्या स्मृतीत ही दुर्घटना आपल्या घरचीच आहे. जानेवारी १९६० मध्ये त्याच पट्ट्यातील दमुआ येथे पुन्हा पाणी शिरून १६ जणांचा बळी गेला.

पाण्याचा धोका विचित्र आहे. नदी वा नाला वरून दिसतो, त्याच्यापासून अंतर राखता येते. खरा घातक शत्रू म्हणजे पाण्याने भरलेली जुनी, सोडून दिलेली खाण. शेजारच्या थरात किंवा वरच्या थरात ती पडून असते, तिच्यात वर्षानुवर्षे पाणी साचत जाते, आणि नव्या खाणीतला माणूस भिंतीच्या अलीकडे सुरुंग लावत असतो. भिंत किती जाड आहे हे सांगणारा एकच साक्षीदार, जुना नकाशा. तो चुकीचा असला किंवा शेवटच्या महिन्यांत काढलेला कोळसा त्यावर नोंदलाच गेला नसला, तर पुढचे सारे हिशेब फोल. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी म्हणूनच असा दंडक घातला की, दुसऱ्या कामाच्या ६० मीटरच्या आत जायचे असेल तर ते काम पाण्यापासून मुक्त असल्याची खात्री हवी. नाही तर परवानगी घेऊन, पुढे लांब भोके पाडून चाचपडतच सरकायचे. भोकातून पाणी आले तर ते भोक बुजवता येते, गॅलरी फुटली तर काही करता येत नाही.

नियम कागदावर होता तरीही २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या भागातील पाणी कोसळून ३७५ जण दगावले. ‘काला पत्थर’ हा १९७९ चा चित्रपट त्याच घटनेवरून सुचलेला. २ फेब्रुवारी २००१ रोजी बागडिगी खाणीत शेजारच्या जयरामपूर खाणीच्या जुन्या भागातील पाणी शिरून २९ जण मेले. त्यानंतर भिंतीची जाडी भोक न पाडता मोजता येईल का, यावर प्रयोग झाले. जमिनीत शिरणाऱ्या रडारच्या लहरी, कोळशाच्या थरातून सोडलेल्या कंपनलहरी आजमावल्या गेल्या. रडारची लहर कोळशात फार खोलवर जात नाही आणि दमट खडकात आणखी लवकर विरते. त्यामुळे भरवशाची चाचणी म्हणून आजही भोक पाडण्यालाच मान आहे. जुने नकाशे संगणकावर आणून एकमेकांवर ठेवून पाहणे, हे वरकरणी कारकुनी वाटणारे काम येथे कुठल्याही महागड्या यंत्राइतके मोलाचे ठरते.

पक्षी, दिवा आणि विहिरीतला कंदील

हवेची चाहूल घेण्याचा इतिहास अधिक रंजक आहे. ब्रिटनमधील शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांच्या सूचनेवरून खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेले जाऊ लागले. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन, गंधहीन आणि अत्यंत विषारी. इवल्याशा पक्ष्याचा श्वासोच्छ्वास वेगवान असल्याने तो माणसाच्या आधी कोलमडतो. ब्रिटनमध्ये ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली. त्याआधी १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जाळीचा सुरक्षा दिवा बनवला होता. जाळीमुळे ज्योतीची उष्णता बाहेर पसरत नाही आणि बाहेरच्या मिथेनला ती पेटवत नाही. उलट मिथेन असेल तर ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते, आणि तिच्या उंचीवरून प्रमाण कळते. मिथेनचे हवेतील प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आले की ठिणगीचाच अवकाश. त्यामुळे नियमाने मर्यादा बरीच अलीकडे आखली आहे: १.२५ टक्क्यांवर वीज तोडायची, माणसे मागे घ्यायची.

ग्रामीण बुलडाण्याला यातले एक तत्त्व चांगले ठाऊक आहे. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत उतरण्यापूर्वी दोराला बांधून पेटता कंदील खाली सोडण्याची रीत गावोगावी होती. कंदील विझला तर कुणी उतरायचे नाही. हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते आणि माणूस तोवर शुद्धीवर असतो; म्हणजे कंदील खरोखरच वेळेवर सांगतो. पण तो सगळेच सांगत नाही. कार्बन मोनॉक्साइड असताना कंदील खुशाल जळत राहतो. विहिरीत सुरुंग उडवल्यानंतर, किंवा गाळ-पाणी उपसण्यासाठी डिझेल इंजिन विहिरीतच उतरवले असेल तेव्हा, हाच वायू तळाशी साचलेला असतो. आधी उतरलेला माणूस कोसळला म्हणून दुसरा, आणि त्याच्यामागे तिसरा उतरतो, अशा बातम्या राज्यात दर उन्हाळ्यात येतात. पाण्याची विहीर कायद्याच्या दृष्टीने खाण ठरत नाही. त्यामुळे खाणीतल्या सरदाराच्या कमरेला असणारे वायुमापक यंत्र विहीर खोदणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. ते खिशात मावणारे आहे आणि त्याचे तंत्र कधीच जुने झाले आहे.

चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात वायूइतकाच आगीचा प्रश्न मोठा आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसा हवेच्या संपर्कात स्वतःहून तापतो. गोफमध्ये राहिलेला चुरा हळूहळू प्राणवायू शोषतो, उष्णता साठत जाते आणि काही महिन्यांनी बाहेरून काहीही न पेटवता आग लागते. कोणता कोळसा किती घातक, हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत तो ठरावीक गतीने तापवून, त्याचे स्वतःचे तापमान भट्टीच्या तापमानाला कधी ओलांडते ते पाहतात. हे ओलांडणे १२० ते १४० अंश सेल्सियसच्या दरम्यान झाले तर कोळसा फारच पेटता. १६० च्या पुढे गेले तर बराचसा निर्धोक. खाणीत प्रत्यक्ष पाळत ठेवतात ती बंद केलेल्या गोफच्या भिंतीत बसवलेल्या नळीतून हवेचे नमुने काढून. किती प्राणवायू खर्च झाला आणि त्यातून किती कार्बन मोनॉक्साइड तयार झाला, या गुणोत्तराला ग्रॅहम गुणोत्तर म्हणतात. ते ०.५ च्या आत असेल तर चिंता नाही, १ वर गेले तर आत कोळसा तापतो आहे, ३ झाले तर आग लागलेलीच आहे. एकटा आकडा फारसा बोलत नाही, आठवड्यामागून आठवडा तो चढत चालला आहे का, हे पाहावे लागते. जानेवारी १९९४ मध्ये राणीगंज कोळसापट्ट्यातील न्यू केंदा खाणीत आगीच्या विषारी वायूंनी ५५ जणांचा जीव घेतला. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची गरजही पडली नाही.

अशा वेळी कमरेला लावलेला ‘सेल्फ रेस्क्यूअर’ उपयोगी पडतो. त्याचा जुना प्रकार श्वासातील कार्बन मोनॉक्साइड तेवढा निकामी करी. हवेत प्राणवायूच नसेल तर त्याचा उपयोग शून्य. नव्या प्रकारात पोटॅशियम सुपरऑक्साइड हे रसायन उच्छ्वासातील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून प्राणवायू देते. साधारण अर्धा तास मिळतो. तेवढ्यात शुद्ध हवेपर्यंत पोहोचायचे, अंधारात, धुरात, आणि बहुधा चढणीने. म्हणून तो वापरण्याचा सराव वर्षातून एकदा कागदोपत्री उरकण्याची गोष्ट नसावी, हे बचाव केंद्रांतले प्रशिक्षक सांगत आले आहेत.

सूचना मिळाली, पुढे काय?

१३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरले तेव्हा ७१ जण आत अडकले. त्यातील ६५ जण उंचवट्याच्या भागात जिवंत होते आणि आतून दूरध्वनी लागत होता, हे त्यांचे भाग्य. वरून रुंद भोक पाडून, तातडीने बनवून घेतलेल्या पोलादी कॅप्सूलमधून एकेकाला वर ओढण्यात आले. अभियंता जसवंतसिंग गिल त्यासाठी स्वतः खाली उतरले होते. त्या यशात दूरध्वनीचा वाटा सहसा सांगितला जात नाही. जमिनीखाली रेडिओलहरी खडकात विरून जातात, भिंत कोसळली की तारा तुटतात, आणि आत कोण कुठे आहे हे वरच्यांना कळेनासे होते. कामगाराच्या टोपीतील छोट्या प्रक्षेपकावरून त्याचा ठावठिकाणा कळावा, यासाठी धनबादच्या शास्त्रज्ञांनी ‘झिगबी’ तंत्रावर काम केले आहे. मोठी खाण, वळणावळणाच्या गॅलऱ्या आणि दर काही मीटरवर लागणारी उपकरणे यांमुळे अशा यंत्रणा महाग पडतात. संशोधनातील सर्वांत संथ गती या शाखेचीच आहे.

या साऱ्या प्रयत्नांचे फळ आकड्यांत दिसते. १९५१-६० या दशकात देशातील कोळसा खाणींत दर हजार कामगारांमागे वर्षाला सरासरी ०.८२ मृत्यू होत. १९९१-२००० या दशकात हे प्रमाण ०.३३ पर्यंत उतरले. सगळे श्रेय संशोधनाला देता येणार नाही. याच काळात कोळसा उद्योग मोठ्या प्रमाणात खुल्या खाणींकडे वळला आणि छताखाली काम करणारी माणसेच कमी झाली. आता पुन्हा भूमिगत खाणींकडे वळताना हा भाग विसरून चालणार नाही.

६ मार्च २०२५ रोजी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, वेकोलिच्याच पाथाखेडा क्षेत्रातील छतरपूर-१ या भूमिगत खाणीत छत कोसळून तिघांचा मृत्यू झाला. मृत तिघेही पर्यवेक्षक दर्जाचे होते: एक अधिकारी, एक ओव्हरमन, एक मायनिंग सरदार. म्हणजे छत सुरक्षित आहे की नाही हे पाहणे ज्यांच्या कामाचा भाग, तीच माणसे त्याखाली सापडली. आधुनिक यंत्रांच्या खाणीत कोळसा कापणारा चालक आता रिमोट हातात घेऊन बोल्ट मारलेल्या छताखाली काही अंतरावर उभा राहतो. तपासणी करणाऱ्याला मात्र अजूनही पुढे जाऊनच पाहावे लागते. तपासणाराही मागे राहील असे संवेदक, कॅमेरे आणि दूरमापनाची यंत्रणा हे येत्या काळातील संशोधनाचे मुख्य क्षेत्र असेल, यात शंका नाही.

२०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी प्रत्येक खाणीला सुरक्षा व्यवस्थापन आराखडा आणि छताच्या हालचालींवर पाळत ठेवण्याची योजना सक्तीची केली. त्यातून यांत्रिक खाणींत एक तक्ता रूढ होत गेला. टेल-टेलने किती मिलिमीटर हालचाल दाखवली तर काय करायचे, हे त्यावर पायरीपायरीने लिहिलेले असते: अमुक मर्यादेपर्यंत दर पाळीला नोंद, त्यापुढे जादा बोल्ट, त्याहीपुढे यंत्र बंद आणि माणसे बाहेर. एका पाळीत यंत्र तासभर थांबले की शेकडो टन कोळसा मागे पडतो आणि त्याचा जाब विचारला जातो. धोका दिसताच माणसे मागे घेणे हे सरदाराचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. लाल पट्टा झाकला गेला तर सरदाराने यंत्र थांबवायचे, की आधी वर फोन करायचा, हे त्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहिलेले असते.